पन्नास रुपयांचं कलम बदला: महाराष्ट्रातल्या सगळ्या आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार ताई, दादा, साहेब,

सप्रेम नमस्कार.

विधानसभेतले २८८ आणि विधान परिषदेतले ७८, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय, पक्ष कुठलाही असो. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे, आणि गेली नऊ वर्षं संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी आम्ही पाच-सहा जण रस्त्यावरची जखमी जनावरं उचलून डॉक्टरांकडे नेतो. आमच्याकडे एक जुनी ओमनी आहे आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, बाकी ट्रस्ट-बिस्ट काही नाही. वकिली मी शिकलेली नाही, पण या नऊ वर्षांत प्राण्यांवरच्या क्रौर्याला प्रतिबंध करणारा एक कायदा इतक्या वेळा उघडून वाचायला लागला की त्याची कलमं तोंडपाठ झालीत, आणि त्याच्याचबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

आधी मागच्या पावसाळ्यातलं सांगते. आमच्या एसटी स्टँडबाहेर एक तांबडी कुत्री असायची, सगळे तिला तांबी म्हणायचे. नसबंदी झालेली, कानाला खूण असलेली, रिक्षावाल्यांच्या बिस्किटांवर जगणारी. एका रात्री साडेनऊला फोन आला की भजीच्या गाड्यावरच्या माणसाने तिच्या अंगावर कढईतलं तेल ओतलंय. आम्ही पोचलो तेव्हा ती एका बंद दुकानाच्या पायरीखाली शिरून बसली होती आणि आवाजच करत नव्हती, मला त्याचीच जास्त भीती वाटली. पोत्यावर घेऊन बाहेर काढलं तर पाठीचे केस पोत्याला चिकटून तिथेच राहिले. मानेपासून शेपटीपर्यंत सगळं, आणि एका बाजूने पोटाखालीपण. डॉक्टरांनी रात्री साडेबारापर्यंत धुतलं, मलम लावलं, सलाइन लावली. पहिले चार दिवस ती खाली बसूच शकली नाही. उभ्या उभ्या झोपायची, भिंतीला कपाळ टेकवून, डोळा लागला की पाय लटपटायचे आणि दचकून परत जागी व्हायची. रोज ड्रेसिंग, असं सव्वा महिना चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. फोटो होते, साक्ष द्यायला तीन रिक्षावाले तयार होते, त्यातला एक तर रोज त्याच गाड्यावर भजी खाणारा. ठाण्यातले हवालदार वाईट वागले असं अजिबात नाही, त्यांनी फोटो बघितले, तोंडातून च्-च् असा आवाज आला त्यांच्या, आणि मग म्हणाले, मॅडम, हे प्राणी क्रूरता कायद्याचं कलम ११ होतंय, अदखलपात्र आहे, मी एनसी लिहून देतो. एनसी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणल्याशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मी मोबाइलवर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ काढून दाखवलं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर ते म्हणाले, त्यात जनावर ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं, निकामी करणं असं लिहिलंय, तुमची कुत्री तर जगलीय, चारी पायांवर उभी आहे, मालक कोणी नाही, नुकसान कुणाचं झालं म्हणून लिहू? त्या प्रश्नाला मला त्या टेबलासमोर उभं राहून उत्तर देता आलं नाही.

मग वकील शोधला, अर्ज केला, आदेश मिळवला. या सगळ्यात छातीवर एकच दडपण होतं, कारण त्या कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर विषयच संपतो. आमचा अकरा दिवस राहिले असताना दाखल झाला. गाडेवाल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड झाला ५० रुपये. त्याने शंभराची नोट दिली आणि पन्नास परत घेऊन गेला.

मी रोज नोटा मोजणारी बाई आहे, पण ती परत दिलेली पन्नासची नोट माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तांबीच्या उपचारांचा खर्च ११,८६० रुपये आला होता, सगळी बिलं माझ्याकडे आहेत.

न्यायाधीशांनी दया दाखवली असं कुणाला वाटेल म्हणून मुद्दाम सांगते, त्यांनी कायद्यात होता तेवढा सगळ्यात मोठा दंड केला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड लिहिलाय. तीन वर्षांच्या आत तोच माणूस परत सापडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मारणं, उपाशी ठेवणं, हालता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, आखूड साखळीने कायम बांधून ठेवणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, जखमी जनावर कामाला जुंपणं, आजारी जनावर रस्त्यावर मरायला सोडून देणं, सगळ्याला हाच दर. आणि दुसरा गुन्हा दुसरा आहे हे सिद्ध कशाने करायचं, पहिला तर बहुतेक वेळा एनसीच्या कागदातच मेलेला असतो. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती हो, घरातला माणूस हादरला असता. आज मुंबईत लोकलला विनातिकीट सापडलं तरी कमीत कमी २५० रुपये जातात.

गंमत म्हणून नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट म्हणून सांगते, याच कायद्यात पुढचं कलम १२ आहे, गाई-म्हशींना जास्त दूध निघावं म्हणून जो फुका करतात, म्हणजे त्यांच्या जननमार्गात हवा फुंकतात, त्याच्यासाठी. त्याला १९६० मध्येच १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे आणि तो दखलपात्र आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना मोठी शिक्षा लिहिता येत होती, एका ठिकाणी त्यांनी लिहिली, बाकीचं सगळं पन्नास रुपयांत राहिलं आणि साठ-पासष्ट वर्षांत कुणी तो आकडा हलवला नाही.

हलवा असं सांगितलं गेलं नाही असंही नाही. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टूच्या निकालात संसदेकडून स्पष्ट अपेक्षा व्यक्त केली की कलम ११ च्या शिक्षा पुरेशा करा, जरब बसेल अशा करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला, सूचना मागवल्या, त्यात अघोरी क्रौर्यासाठी वेगळं कलम होतं, जनावर मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. आम्ही इथे सगळ्यांनी ईमेल पाठवले, मी माझ्या सासूबाईंच्या नावानेपण पाठवला, त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतला. तो मसुदा मसुदाच राहिला. उलट १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली तेव्हा जुन्या दंड संहितेच्या ३७७ कलमात जनावरांवरच्या लैंगिक अत्याचाराला जी शिक्षा होती तीपण गेली, नव्या संहितेत तिच्याजागी काहीच नाही. असा प्रकार घडला आणि जनावर जिवंत राहिलं तर आज पोलिसांच्या हातात काय उरतं, परत तेच ५० रुपयांचं कलम. हे लिहिताना मला लाज वाटतेय पण तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल हा केंद्राचा कायदा आहे, आम्ही काय करणार. मी आजवर तीन लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात गेलेय आणि तिन्हीकडे मला हेच उत्तर मिळालं, चहा देऊन, अगदी नीट बसवून. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना उघड लिहितेय, कारण हे उत्तर बरोबर नाही आणि ते बरोबर नाही हे तुमच्याच सभागृहाने दाखवून दिलंय.

प्राण्यांवरच्या क्रौर्याला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, १७ नंबरची नोंद. राज्य दुरुस्ती करू शकतं, केंद्राच्या कायद्याशी ती जुळत नसेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यायची, बस. २०१७ मध्ये तुम्ही हेच केलंत. बैलगाडा शर्यतीसाठी याच १९६० च्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती एप्रिलमध्ये मंजूर केलीत, काही महिन्यांत राष्ट्रपतींची संमतीपण आली. मग हायकोर्टात स्थगिती मिळाली, प्रकरण दिल्लीला गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे राज्याला हा अधिकार आहे की नाही याची परीक्षा देऊन झाली, पास होऊन झाली.

आणि त्या दुरुस्तीत तुम्ही काय लिहिलंत ते परत एकदा काढून वाचा. शर्यतीच्या अटी मोडून बैलाला वेदना दिल्या तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पाच लाख! तुमच्याच हाताने, याच कायद्यात. म्हणजे आज महाराष्ट्रात परिस्थिती अशी आहे की रविवारी शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलाला छळलं तर पाच लाख आणि सोमवारी तोच बैल उसाच्या गाडीला जुंपून छळला तर पन्नास रुपये. बैल तोच, कातडी तीच, वळ तेच. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर आमच्या ग्रुपातच दोन मतं आहेत, माझा सख्खा मामा गाडा पळवतो, त्यामुळे तो वाद मी इथे आणत नाही. मी एवढंच म्हणतेय की पाच लाखाचा आकडा लिहिताना तुम्हा सगळ्यांना पटलं होतं की बैलाला वेदना होते आणि पन्नास रुपयांनी कुणाला जरब बसत नाही. जे घाटात पटलं ते घाटाबाहेरही लिहा.

उसाच्या गाडीचं नाव काढलंच आहे तर त्यावर जरा जास्त बोलते, कारण आमच्या भागात कुत्र्या-मांजरांपेक्षा मोठा प्रश्न तो आहे आणि शहरातल्या प्राणिप्रेमींच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावर टायरगाड्यांची रांग. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या पुलाच्या चढावर एक गाडी अडकली होती, मी कामावरून येत होते. उजवीकडचा बैल गुडघ्यावर आला होता, गुडघ्याचं कातडं डांबराला घासून निघालेलं, आणि खांदा असा सुजलेला की जू त्या सुजेवरच बसलं होतं, त्याच्या कडेने पू येत होता. गाडीवान त्याला चाबकाने मारत होता, मी ओरडले. तर तो माणूस चाबूक टाकून खाली उतरला आणि स्वतः चाकाला खांदा लावून ढकलायला लागला, त्याची बायको मोळ्यांवरून उतरली आणि तीपण दुसऱ्या चाकाला. तिच्या पायात चप्पल नव्हती. मी गाडी लावली, आणखी दोघं-तिघं थांबले, सगळ्यांनी ढकलून चढ काढला. वर आल्यावर त्याने बैलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, ताई, मला काय हौस हाय का, टनावर पैसे हायेत, उचल फिटायची हाय, बैलबी उचलीतलंच घेतल्यालं. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे.

त्या माणसाला पन्नास रुपये दंड करा नाहीतर पन्नास हजार, त्या बैलाचं ओझं एका किलोने कमी होणार नाही. मला कायदा कडक हवाय म्हणजे गरिबाच्या पाठीवर आणखी एक काठी हवीय असं कृपा करून समजू नका. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात जनावराच्या आकारानुसार आणि गाडीच्या चाकानुसार किती वजन चालेल ते किलोत लिहिलंय. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोकदार काठी वापरायची नाही, हे सगळं लिहिलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, वजन होतं, पावती छापून येते. म्हणजे मर्यादेपेक्षा किती जास्त ओझं लादलं याचा पुरावा हंगामात रोज, प्रत्येक गाडीमागे, कागदावर तयार होतो आणि फायलीत जातो! असा गुन्हा दुसरा कुठला असेल ज्याचा पुरावा आपोआप छापला जातो? पण आजचा कायदा गाडीवानाला आणि मालकाला धरतो, आणि बहुतेक वेळा ते दोघं एकच असतात. काट्यावर वजन बघून माल उतरवून घेणारा, टनाचा दर ठरवणारा, मुकादमाला उचल देणारा, यातला कुणीच त्याच्यात येत नाही. तुमच्या दुरुस्तीत एक वाक्य असं हवं की ज्याच्या कामासाठी जनावर जुंपलंय आणि ज्याच्या काट्यावर ते वजन नोंदलं गेलं तोसुद्धा जबाबदार. बघा मग पुढच्या हंगामात गाड्या कशा हलक्या होतात ते. आमच्याच जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या जुवाखाली आधाराचं फिरतं चाक बसवून दाखवलं, बैलाच्या मानेवरचा भार कमी करणारं, त्याचे फोटो देशभर फिरले. पोरांना सुचलं, त्यांनी करून दाखवलं. ते चाक प्रत्येक गाडीला लागावं म्हणून खर्च कुणी करायचा हे कायद्यात लिहिलं तरच ते लागेल.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी बैल होते, काहींच्या अजून आहेत. आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असायची. माझे आजोबा हळद आणि तूप एकत्र करून बैलांच्या खांद्याला चोळायचे, दोन्ही तळव्यांनी, गोल गोल, बराच वेळ. लहानपणी मी विचारलं होतं की उद्या सण आहे तर आजच का, तर ते म्हणाले, वर्षभर आपलं सगळं या खांद्यावर असतंय, आधी त्याला विचारायचं दुखतंय का आणि मग सण करायचा. त्या पुलावरच्या बैलाचा खांदा बघितला तेव्हा मला आजोबांचे तळवे आठवले. तुमच्यापैकी ज्यांनी असे तळवे बघितलेत त्यांना मी काय म्हणतेय ते वेगळं सांगायला नको.

आता जे आक्षेप येतात त्याबद्दल. भटक्या कुत्र्यांचा त्रास होतो, पोरं-म्हाताऱ्यांना चावतात, हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांचा मलाही राग येतो, रेबीजने गेलेला माणूस आमच्या गावाने बघितलाय. पण २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी नगरपालिका-पंचायतींवरच टाकतात आणि ते नीट केलं तर माणसंही वाचतात, कुत्र्यांची संख्याही कमी होते. तेल ओतून कुठल्याही गावातला रेबीज गेलेला नाही. उलट लोक मारायला उठले की कुत्री पळतात, पांगतात, आणि नसबंदीवाल्यांच्या हाताला लागत नाहीत, हे आम्ही दोन वॉर्डांत स्वतः अनुभवलंय.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. त्याने बैलाला आवाज दिला, चापट मारली की पोलीस येणार का? नाही, आणि तसं होऊ नये म्हणूनच शब्द नीट लिहा. साधी चूक, निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेला छळ या तीन वेगळ्या पायऱ्या करा, शिक्षाही तशी चढती ठेवा. सरसकट सगळ्याला एकच दर ही तर आजच्या कलमाची मूळ चूक आहे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. क्रौर्याच्या नावाखाली रस्त्यावर गाड्या अडवून ड्रायव्हरला मारणारी, पैसे उकळणारी टोळकी आहेत, मला ती माहीत आहेत आणि ती आमच्या कामाचं नाव खराब करतात. कायदा कडक करताना हे लिहाच की गाडी थांबवायची, तपासायची ती फक्त पोलिसांनी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी. गुन्हा दखलपात्र झाला की सामान्य माणसाला हातात कायदा घेण्याचं कारणच उरत नाही, ११२ ला फोन करायचा आणि बाजूला उभं राहायचं.

तर मागणी काय ते सरळ सांगते. दंडाची खालची मर्यादा हजारांत आणि वरची लाखांत न्या, शर्यतीसाठी लिहिलेला आकडा समोर आहेच. छळाचा गुन्हा दखलपात्र करा. तीन महिन्यांची अट काढा किंवा निदान एक वर्ष करा, कारण मुक्या जनावराला तक्रार द्यायला येता येत नाही, कुणीतरी बघेल, धाडस करेल, वकील शोधेल, यातच महिने जातात. लैंगिक अत्याचारासाठी वेगळं कलम घाला. दंडाचे पैसे त्याच जनावराच्या उपचाराला जावेत असं लिहा. आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असली पाहिजे असा २००१ चा नियम आहे, मुंबईत तर अशी सोसायटी १८७४ पासून आहे, परळला तिचं मोठं हॉस्पिटल आहे, पण आमच्यासारख्या ठिकाणी जप्त केलेला जखमी बैल रात्री ठेवायचा कुठे याचं उत्तर एकच असतं, कोंडवाडा, जिथे ना छप्पर ना डॉक्टर. पंचनाम्यात त्या जिवाला मुद्देमाल म्हणतात. असू दे, कायद्याची भाषा आहे, पण मुद्देमालाला पाणी लागतं, चारा लागतो, इंजेक्शन लागतं, त्यासाठी जिल्ह्याच्या बजेटात दरवर्षी एक ठरलेली रक्कम ठेवा.

सरकारने विधेयक आणलं तर सगळ्यात चांगलं. नाही आणलं तर तुमच्यापैकी एकाने अशासकीय विधेयक मांडा. हा १९६० चा कायदासुद्धा तसाच सुरू झाला होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत, राज्यसभेवर नियुक्त सदस्य होत्या, त्यांनी एकटीने खासगी विधेयक मांडलं. पंडित नेहरूंच्या सरकारने आम्हीच कायदा करतो असं आश्वासन दिलं म्हणून त्यांनी ते मागे घेतलं, आणि सरकारने खरंच कायदा आणला. नंतर केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. पाठीशी ना कुठला मोठा पक्ष ना मतांचा गठ्ठा. एका बाईने एवढं केलं, तुम्ही तर ३६६ आहात. आणि विधेयकाला वेळ लागत असेल तोपर्यंत येत्या अधिवेशनात निदान एक तारांकित प्रश्न विचारा, की मागच्या पाच वर्षांत राज्यात कलम ११ खाली किती एनसी लिहिल्या गेल्या, त्यातल्या किती कोर्टापर्यंत पोचल्या आणि एकूण दंड किती रुपये जमा झाला. लक्षवेधी लावा. उत्तरात जो आकडा येईल तो सभागृहात मोठ्याने वाचला गेला तरी बरंच काम होईल.

जनावरं मत देत नाहीत हे मला एका कार्यकर्त्याने समजावून सांगितलं. पण त्यांच्यासाठी रात्री अकराला उठून जाणारी माणसं मत देतात, आणि आमच्या एका तालुक्यात अशी माणसं मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त निघाली. त्या तीन रिक्षावाल्यांनी आपला धंदा सोडून कोर्टाच्या तारखा केल्या, एकही पैसा घेतला नाही. भजीचा गाडा अजून तिथेच आहे. तांबी आता माझ्या घरामागे असते, पाठीवर केस आलेले नाहीत, उन्हाळ्यात तिला दुपारी बाहेर सोडता येत नाही आणि कढईत फोडणीचा आवाज झाला की ती अजूनही पलंगाखाली जाते.

माझ्या मतदारसंघाच्या आमदारांच्या ऑफिसात मी पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहाला येतेय, तसा फोन करून ठेवलाय. सोबत आमच्या वकिलांनी केलेला दुरुस्तीचा कच्चा मसुदा आहे, मराठीत, साडेचार पानांचा. तांबीची बिलं, कोर्टाच्या पन्नास रुपयांच्या पावतीची झेरॉक्स आणि २०१७ च्या राजपत्राची प्रतपण आणतेय, पाच लाखाच्या ओळीवर पेन्सिलने खूण केलेली. बाकीच्या ३६५ जणांना हाच संच पोस्टाने पाठवतोय, आमच्या ग्रुपातल्या पोरी रोज संध्याकाळी बसून पाकिटं भरतायत, आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे. आज 'प' संपला.

तुमची,
सांगली जिल्ह्यातली एक मतदार